घराखालची थंडी

सप्टेंबर लागला की हाबिरीस आमच्या अरिलाख गावात दारोदार फिरून भिंतींना तोंड लावायचा. हसू नका. आधी वरचा ओठ जिभेनं ओला करायचा, मग डोळे मिटून ओंडक्यांवरून तोंड हळूहळू सरकवत न्यायचा, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. जिथं वारा आत येत असेल तिथं ओठ गार पडतो. तिथं खडूची खूण करायची. मग पिशवीतलं वाळकं शेवाळ काढून लाकडी पाचरीनं त्या फटीत ठोकून बसवायचं. गावातल्या बाया म्हणायच्या, "बायकोचे घेतले नसतील एवढे मुके हा भिंतींचे घेतो." त्यावर त्याची बायको मारपा म्हणायची, "घेऊ दे की. भिंती उलटून बोलत नाहीत."

मी तेक्ला. एकतीस वर्षं गावच्या पोस्टात काढली, आणि त्या दोघांच्या शेजारात त्याहून जास्त. आमच्या दोन घरांमध्ये फक्त माझा गोठा. हाबिरीस माझ्याहून बारा वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला उबाय म्हणायची, दादा म्हणतात तसं. मारपाला मात्र नावानंच हाक मारायची. "वहिनीबिहिनी म्हणालीस तर चहा मिळणार नाही," असं तिनं मी लग्न होऊन आले त्याच दिवशी बजावलं होतं.

हाबिरीस सरकारी शेतावर सुतार होता. शेत बंद पडलं, लोक पांगले, पण थंडी काही बंद पडली नाही, त्यामुळे त्याचं काम चालूच राहिलं. खिडक्यांच्या दोन तावदानांमध्ये कापूस भरणं, कणकेच्या खळीनं कागदाच्या पट्ट्या चिकटवणं, दारावर गाईचं कातडं ठोकणं, गोठ्याच्या भिंती ओल्या शेणानं लिंपणं, हे सगळं तो करायचा. बदल्यात लोण्याचा गोळा द्या, घोड्याचं मांस द्या, नाहीतर नुसता चहा पाजा. पण एका बाबतीत मात्र तो कुणाच्या बापाचं ऐकायचा नाही. घराच्या तळाला हात लावू द्यायचा नाही.

शाळेत गणिताचे नवे मास्तर आले होते, दक्षिणेकडचे, ऊबदार मुलखातले. त्यांनी पहिल्याच थंडीत घराखालच्या पोकळीत भुशाची पोती कोंबली, फरशीच्या फळ्या गार लागतात म्हणून. हाबिरीसला कळलं. तो गेला, पोटावर सरपटत घराखाली शिरला आणि एकेक पोतं बाहेर भिरकावायला लागला. मास्तर भडकले. "अहो, माझं घर आहे, मी काय हवं ते करीन!"

"घर तुमचं आहे," आतून आवाज आला, "खालचा बर्फ तुमच्या तीर्थरूपांचा नाही." मग धुळीनं माखलेला बाहेर येऊन तो त्यांना नीट सांगायला लागला. "मास्तर, ही जमीन वरून माती आणि पोटात बर्फ. त्या बर्फात खुंट रोवलेत, खुंटांवर घर आहे. थंडीत खालून वारा गेला पाहिजे, म्हणजे बर्फ कडक राहतो. उन्हाळ्यात फळ्या लावून झाकायचं, थंडीत उघडायचं. तुम्ही उलटं करताय. घरातली ऊब खाली जाईल, बर्फ वितळेल आणि एक दिवस तुम्ही गणित शिकवायला जाल तेव्हा घर खड्ड्यात बसलेलं असेल. पाय गार पडतात तर मोज्यांचे दोन जोड घाला. घराला ऊब नको असते, माणसाला हवी असते. एवढं ध्यानात ठेवा."

हे घराच्या उबेचं वाक्य मी त्याच्या तोंडून शंभरदा तरी ऐकलं असेल. घराभोवती पडलेलं हिमही तो साचू द्यायचा नाही, कारण हिमाची रजई जमिनीला ऊब देते. अख्ख्या गावात त्याच्या घराचा पाया सगळ्यात स्वच्छ.

ते घर त्यानं सव्विसाव्या वर्षी बांधलं. ओंडके त्यानं रचले आणि प्रत्येक दोन ओंडक्यांमधलं शेवाळ मारपानं आपल्या पायांनी तुडवून बसवलं. पोटात लेक तुयारा होती तेव्हा. दर वर्षी पहिल्या थंडीत चूल पेटवताना हाबिरीस आधी जाळाला लोणी लावलेली पोळी भरवायचा आणि मारपा म्हणायची, "माझ्या पायांना पण भरव एखादी. घर त्यांनी बांधलंय."

पण त्याच पायांची माती झाली. एकोणतीस वर्षं ती सरकारी शेताच्या गोठ्यावर दूध काढायला होती. रबरी बूट, आत ओल, बाहेर शून्याखाली पन्नास अंश थंडी. साठीला चालणं गेलं, अडुसष्टला उभं राहणं. नंतर ती चुलीशेजारच्या पलंगावरच असायची. जीभ मात्र शाबूत. मुलगी तुयारा शहरात चौथ्या मजल्यावर राहते, नळाला गरम पाणी, भिंतीत ऊब. दर वर्षी फोनवर आर्जवं करायची, "आई, ये ना गं इकडे." मारपा म्हणायची, "तुझ्याकडे पायाखाली दुसऱ्याचं छत. मला नको. मला इथनं आडवीच न्यायची." आणि हाबिरीसकडे बघून, "ऐकलंस ना? शब्द दे." त्यानं शब्द दिला. माझ्यासमोर दिला. तिला त्या घरातच मरायचं होतं, बास. म्हातारपणी तिनं दुसरं काही मागितलं नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. नोव्हेंबरात अख्खा गाव तळ्यावर पिण्याच्या पाण्यासाठी बर्फ कापायला गेला होता. मी घसरगाडीवर बर्फाचे ठोकळे लादून परत आले आणि बघते तर काय, हाबिरीसच्या घराभोवती खिडकीपर्यंत हिमाचा ढीग! ओक्सिये, अगं बाई! मी दोरी तिथंच टाकली. मला लगेच कळलं. हा माणूस फावडं मारायला विसरणारा नव्हे.

"उबाय, हे काय?"

"हिम पडलं."

"हिम सगळ्यांकडे पडलं. फावडं काय तुझंच मोडलं?"

मी ढिगात हात घातला. आत लोकरीचा जाड नमदा, त्याच्या मागे गवत, त्याच्याही मागे भुशाची पोती. चारी बाजू गच्च बंद.

"ती रडली, तेक्ला," तो म्हणाला. "लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली, कधी रडली नाही. पोरगा दोन दिवसांचा गेला तेव्हा दात आवळून बसली होती. काल रडली. सकाळी बघतो तर तिचे नमद्याचे बूट फळीला गोठून चिकटले होते. पाय काळेनिळे. लहान पोरासारखी रडली."

"आणि मास्तरला काय सुनावलं होतंस?"

"मास्तरची बायको रडली नव्हती."

खरं सांगायचं तर मी बोलायला हवं होतं. गावभर ओरडायला हवं होतं. पण मी गेले आत, चहा प्यायला. मारपा पलंगाच्या कडेला बसलेली, दोन्ही पाय उघडे, फळीवर टेकवलेले. "तेक्ला, हात लावून बघ. फळी कोमट आहे गं." तिचा चेहरा असा फुलला होता की मी माझेही मोजे काढले आणि तिच्याशेजारी फळीवर पाय टेकून बसले. तो अख्खा हिवाळा आम्ही दोघी तशाच बसून पत्ते खेळलो. ती लबाडी करायची, मी भांडायची, हाबिरीस ओलाद्या, म्हणजे छोटी जाड घावनं, तळायचा. एवढ्या वर्षांत त्या घरातला तो सगळ्यात सुखाचा हिवाळा. त्याची किंमत काय आहे हे आम्हा तिघांनाही माहीत होतं आणि तिघंही गप्प होतो.

उन्हाळ्यात त्यानं सगळं बाहेर काढलं तेव्हा आतून ओल्या मातीचा वास आला, आणि जुलैत घराखाली डबकं साचलं. ऑगस्टमध्ये मारपाच्या हातातून लोकरीचा गुंडा पडला तो घरंगळत थेट ईशान्येच्या कोपऱ्यात गेला. तिनं तो उचलायला सांगितलाच नाही. नुसती बघत राहिली. हाबिरीस खाली शिरून आला. कोपऱ्यातला खुंट हलत्या दातासारखा झाला होता. त्यानं गाडीचा जॅक लावून घर वर उचललं, पाचरी ठोकल्या, खड्ड्यात दगडगोटे भरले. सगळा सप्टेंबर तो त्याच कामात. त्या वर्षी गावातल्या भिंती बिनमुक्याच्या राहिल्या.

"या थंडीत उघडं ठेवायचं," मारपानंच निक्षून सांगितलं. "पाय जातात तर जाऊ देत. तसेही ते कुठं कामाला येतात? घर गेलं तर मला त्या चौथ्या मजल्यावर नेऊन घालाल."

ऑक्टोबरात फळ्या उघडल्या. बाहेर वजा तीस झालं आणि वारा घराखालून सुटला. मी रोज जायची. दोन नमद्याचे बूट, वर सशाच्या कातड्याची रजई, तरी ती थरथरायची. खोकला सुरू झाला. विचारलं की म्हणायची, "मस्त आहे. तू पत्ते वाट." हाबिरीस दाराशी उभा राहून ऐकायचा. एकदा मी पाहिलं, ती रजईचं टोक दातात धरून पडली होती, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. तो लाकडं आणायच्या निमित्तानं बाहेर गेला आणि बराच वेळ आलाच नाही.

नवव्या दिवशी मी गेले तेव्हा मारपानं मला जवळ ओढलं. "तेक्ला, फळी कोमट लागतेय."

मी वाकून फळीला हात लावला. खरंच कोमट होती.

"त्यानं पुन्हा बंद केलंय. मला सांगितलं नाही. हिम पण भिंतीशी रचलं नाहीये, म्हणजे खिडकीतून मला दिसू नये. मूर्ख कुठला. मला काय पायांनी कळत नाही?" ती हसली आणि मग तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "मी त्याला उघड म्हणायला पाहिजे. रोज ठरवते, आज सांगीन. पण इतकं बरं वाटतं गं. मेलं तोंडच उघडत नाही."

बाई गं, मीही तोंड उघडलं नाही. आजही रात्रंदिवस तेच मनात येतं.

सतरा नोव्हेंबर. सकाळी चहा ठेवला होता आणि बंदूक उडावी तसा आवाज आला. मी तशीच धावले. त्यांच्या घराचा ईशान्य कोपरा हातभर खाली बसला होता. दार चौकटीत असं आवळलं होतं की आतून-बाहेरून हलेना. चूल मधोमध चिरली होती, आत धूर. मारपा खोकत होती. हाबिरीसनं चुलीतली जळती लाकडं हातमोजे घालून खिडकीच्या झरोक्यातून बाहेर फेकली. बाहेर त्रेचाळीस अंश थंडी आणि घरात विझलेली चूल. म्हणजे संध्याकाळपर्यंत घर गोठणार.

फोन मी केला. तुयाराला. हाबिरीसला विचारलं नाही. विचारलं असतं तर तो म्हणाला असता, थांब, मी चूल लिंपतो. आणि त्यानं लिंपली असती, आणि ती त्या गारठ्यात त्या दिवशीच गेली असती, आपल्या घरात, आपल्या पलंगावर, तिला हवं होतं तसं. हे मला आज सुचतंय. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की बाई गारठतेय, तिला वाचवलं पाहिजे.

दुपारी दोनला जावई गरम गाडी घेऊन आला, सोबत एक परिचारिका. दार उघडणार नव्हतंच. हाबिरीसनं स्वतः खिडकी काढली. थंडीआधी त्यानंच चिकटवलेल्या कागदाच्या पट्ट्या सुरीनं फाडल्या, मधला कापूस उपसला, दोन्ही तावदानं बाहेर उतरवली. मारपाला रजयांत गुंडाळून फळीवर बांधलं आणि खिडकीतून बाहेर सरकवलं. ती वर आभाळाकडे बघत होती. माझ्याजवळून नेताना म्हणाली, "बघ तेक्ला, आडवीच नेतायत. शब्द पाळला यांनी." कुणाला हसू आलं नाही.

हाबिरीस गाडीच्या दाराशी वाकला. "मी घर उभं करतो. चूल नवी बांधतो. मार्चमध्ये तुला घेऊन येतो. साडेतीन महिने काढ फक्त."

"आता तरी फळ्या उघड," ती म्हणाली. गाडीचं दार लागलं.

त्यानंतर त्या माणसानं जे काम केलं तसं मी आयुष्यात दुसरं पाहिलं नाही. सत्तरी उलटलेला माणूस! घराखालची पोती, गवत, नमदा सगळं ओढून काढलं. चारी बाजूंचं हिम लोटून काळी जमीन उघडी केली. जॅक लावून घर बोटबोट वर चढवलं, नवे खुंट घातले, खड्ड्यात बर्फाचे ठोकळे आणि ओली वाळू ठासली. वारा घराखालून सुसाट जायचा, सगळं दगडासारखं गोठत गेलं. खिडकी परत बसवली, चूल विटा मोजून नवी रचली. त्याच्या नाकाची कातडी गेली, दोन बोटं काळी पडली. मी सूप घेऊन जायची, तो उभ्या उभ्या प्यायचा. "तिला सांग फोनवर," म्हणायचा, "कोपरा चार बोटं वर आला." मी सांगायची. पलीकडून मारपा म्हणायची, "अजून किती बोटं राहिली?" आवाज दिवसेंदिवस बारीक होत चालला होता, खोकला मात्र मोठा. तुयारा मला वेगळा फोन करून सांगायची, फुप्फुसात पाणी झालंय. ते मी हाबिरीसला सांगितलं नाही. तेवढं एक बोटांचं मोजमाप त्याच्यापाशी राहू दे म्हटलं.

बारा डिसेंबरला दुपारी त्यानं मला हाक मारली. "ये, बघायला ये." दार एका बोटानं उघडलं. आत चूल चालू होती. मेजावर चहानं भरलेली वाटी. "वाक, वाकून बघ. काठाला चहा सगळीकडे सारखा आहे की नाही?" मी वाकून बघितलं. अगदी सारखा होता. तिचा पलंग त्यानं झटकून चुलीशेजारी लावला होता आणि पलंगाखाली घोड्याच्या कातड्याचे तीन थर शिवून घातले होते, खाली वारा असला तरी पाय टेकता यावेत म्हणून. "हे मला आधी का सुचलं नाही, तेक्ला? पलंगाखालीच तर घालायचं होतं. अख्खं घर कशाला बंद केलं मी?"

तेव्हाच माझ्या खिशातला फोन वाजला. तुयारा होती. तिला बोलताच येईना, आणि मला काही विचारावं लागलं नाही. हाबिरीसनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग पुढे होऊन वाटीतला चहा चुलीच्या राखेत ओतला आणि वाटी पालथी घातली.

मारपाला परत आणलं. तेवढं तुयारानं ऐकलं, गावातच पुरू म्हणाली. पण डिसेंबरात आमच्याकडे खड्डा खणता येत नाही, तो आधी जाळावा लागतो. टेकाडावरच्या लार्चच्या झाडाखाली जागा साफ करून लाकडं पेटवायची, जाळ विझला की मऊ झालेली वीतभर माती उपसायची, की पुन्हा जाळ. पहिल्या दिवशी गावानं चार घसरगाड्या लाकडं दिली, ती संपली. थंडी एकोणपन्नासवर गेली होती. दुसऱ्या दिवशी खणणारे गडी म्हणाले, मेली जमीन लोखंड झालीये, गुडघाभरही गेलो नाही.

मग हाबिरीसनं आपलं सरपण आणायला सुरुवात केली. घरच्या माणसानं खड्ड्याला हात लावायचा नसतो, त्यानं लावलाही नाही. तो नुसती लाकडं आणत होता. दोन वर्षं वाळवलेलं, मारपाच्या चुलीसाठी म्हणून एकसारखं फोडून रचलेलं लार्च. एक गाडी, दुसरी गाडी, पाचवी गाडी. आयुष्यभर कुठलाही जाळ पेटला की पहिला घास त्याला भरवणारा माणूस, पण त्या जाळाला त्यानं काही भरवलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी जाळ बसल्यावर तो खड्ड्याच्या काठाशी उकिडवा बसला, हातमोजा काढला आणि काठाच्या मातीवर पंजा टेकवला. बराच वेळ टेकवून ठेवला.

"घराखाली एका हिवाळ्यात वितळली, तेक्ला," तो म्हणाला. "मी हात जोडत होतो तरी वितळली. इथं तीन दिवस जाळतोय."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आम्ही दोघं रडलो, गड्यांसमोर, लाज न बाळगता. मग तो उठला आणि घसरगाडीची दोरी खांद्याला लावली. मला दिसत होतं, त्याच्या अंगणातली रास जवळजवळ संपली होती. शेवटच्या एक-दोन गाड्या राहिल्या असतील, आणि हिवाळा अजून सगळा पुढे पडला होता.

"उबाय, ती तरी ठेव. माझ्याकडची घे. घरात काय जाळशील?"

"घर उभं आहे की," तो म्हणाला. "एकदम सरळ. घराला ऊब नको असते."

पुढचं अर्धं वाक्य तो बोलला नाही. उरलेली लाकडं आणायला उताराच्या वाटेनं निघून गेला.